‘डोरीन’ उलटली

आमच्या युद्धनौकेला मम्मीचं नाव द्यायचं हे पप्पांनी परस्पर ठरवलं. मम्मीला ते कळलं तेव्हा जहाज अर्धं बांधून झालं होतं.

“माझं नाव कशाला?” व्हिडिओ कॉलवर नुसता तिचा आवाज आला. मम्मीच्या हातात फोन असला की आम्हाला वसईच्या घराचा छताचा पंखाच दिसतो. “एखाद्या सेंटचं नाव द्या.”

“या जातीच्या जहाजांची एक खासियत असते, डोरीन,” पप्पा बाजूने म्हणाले. “कागदावर सडपातळ असतात. पाण्यात उतरेपर्यंत वजन वाढतच जातं.”

“लाज नाही वाटत, जावयासमोर!”

जावई, म्हणजे माझा नवरा रायन, डायनिंग टेबलावर ऑफिसचं काम मांडून बसला होता. तो इतका हसला की त्याच्या मीटिंगमधल्या कुणीतरी विचारलं, यू राइट, मेट?

हे मेलबर्नच्या दोन हजार वीसच्या लांबलचक लॉकडाऊनमधलं. आम्ही पॉइंट कुकला राहतो. समुद्र अगदी जवळ आहे, पण त्या हिवाळ्यात तिथे जायलाही तासाभराचीच मुभा होती. क्लोई तेव्हा चार वर्षांची. दुपारी ती झोपली की घर माझं व्हायचं आणि त्या वेळात मी जहाज बांधायचे.

माझे पप्पा, व्हॅलेंटाइन, मुंबईच्या गोदीत ड्रॉइंग ऑफिसला होते. उभा जन्म जहाजं काढण्यात गेला, पण अख्खं जहाज कधीच त्यांच्या वाट्याला आलं नाही. एका फ्रिगेटची पंप-रूम, दुसरीचे पाइप, तिसरीचा जिना. “मी जहाजाचं आतडं काढतो,” ते म्हणायचे, “तोंड दुसराच कुणी काढतो.” रिटायर झाल्यावर त्यांच्या मनात एकच होतं. नाकापासून शेपटापर्यंत स्वतः आखलेलं एक जहाज, केवढंही असो, पाण्यात तरंगताना बघायचं. बांधायला त्यांचे हात आता थरथरत होते. माझे हात रिकामे होते, निदान दुपारचे.

जहाज कुठलं, याबद्दल त्यांनी मला विचारलंही नाही. एकोणीसशे सहा साली इंग्रजांनी ‘ड्रेडनॉट’ पाण्यात उतरवली आणि तिच्या आधीच्या सगळ्या देशांच्या सगळ्या युद्धनौका एकदम म्हाताऱ्या झाल्या. तेव्हापासून त्यांना प्री-ड्रेडनॉट म्हणतात. “बिचाऱ्यांना नावसुद्धा मागून आलेल्या बाईवरून पडलं,” पप्पा म्हणाले. “त्यातलीच एक आपण बांधू. कुठल्या देशाची नको. आपली.”

मग वसईहून फोटो यायला लागले. ग्राफ पेपर, टोकदार पेन्सिल, कडेला चहाच्या कपाचा गोल डाग. चार मोठ्या तोफा, दोन पुढे, दोन मागे. दोन्ही कुशींना लहान तोफांची रांग. दोन धुराडी. पुढे पाण्याखाली वराहासारखं निघालेलं नाक, शत्रूला धडक मारायला. मी बाल्साचं हलकं लाकूड ऑनलाइन मागवलं, कणा चिकटवला, तळाशी वजनाला शिशाच्या पट्ट्या लावल्या, बरगड्या उभ्या केल्या. पोटात आडव्या भिंती घालून खण केले, पाणी फिरायला त्यांच्यात खाली खाचा ठेवल्या. डेक झाकणासारखा निघेल असा ठेवला. तोफांचे बुरूज मात्र मी क्लोईच्या क्लेचे केले आणि पप्पा वैतागले.

“वर किती वजन घालतेस, बाय?” मला ते बायच म्हणायचे.

“पप्पा, ते गोंडस दिसतात.”

“युद्धनौका आहे ती. गोंडस कसली?”

त्यांची कामाची एक रीत होती आणि तिच्यावर आम्ही भावंडं लहानपणापासून चिडायचो. काहीही विचारा, उत्तर म्हणून हो किंवा नाही येत नसे. उलटा प्रश्न यायचा. मी विचारलं, पप्पा, इथे व्हार्निशचा एकच हात पुरेल का? तर मेसेज यायचा, पाणी कुठून येणार आहे? मी विचार करून उत्तर द्यायचे. मग त्यांचं चित्र यायचं, त्यात पाण्याचे बाण काढलेले. पाणी आत येणारच, हे ते धरूनच चालायचे. आल्यावर ते कुठे जाईल एवढंच आपल्या हातात असतं, असं त्यांचं म्हणणं.

म्हणूनच त्यांनी ‘डोरीन’च्या डाव्या कुशीला खाली एक भोक ठेवायला लावलं, त्यात बुचाचा तुकडा, बुचाला दोरा. क्लोईने दोरा ओढला की सुरुंग फुटायचा. “बूम!” पाणी आत शिरायचं, ‘डोरीन’ हळूहळू खाली बसायची, ताठच्या ताठ, आणि क्लोई तिला दोन्ही हातांनी वर काढून पुसायची. त्या उन्हाळ्यात ‘डोरीन’ने मागच्या अंगणातल्या फुगवायच्या पूलमध्ये नोकरी केली, लॉकडाऊन उठल्यावर अल्टोनाच्या किनाऱ्यावर केली, सगळ्यात जास्त आमच्या बाथटबमध्ये केली. टबाच्या काठावर फोन टेकवून पप्पा बघत बसायचे. वसईत तेव्हा दुपार असायची. क्लोई त्यांना वसई-पप्पा म्हणायची, ते तिला कॅप्टन. मी बाहेर कपड्यांच्या घड्या घालायचे. आतून तिचं इंग्लिश आणि त्यांचं मराठी एकमेकांत मिसळून ऐकू यायचं. काय बोलतात ते कधी नीट ऐकलं नाही. ऐकायला काय, उद्याही बोलतीलच, असं वाटायचं.

पुढच्या एप्रिलमध्ये दोन गोष्टी झाल्या. मी पुन्हा प्रेग्नंट होते, सहावा महिना. आणि पप्पांना कोविड झाला.

‘पुन्हा’ म्हणायचं कारण, मधे एक बाळ राहिलं होतं आणि राहिलं नाही. त्याबद्दल इथे एवढंच.

पप्पांना हॉस्पिटलमध्ये हलवलं तेव्हा मला सांगितलं. माझा मोठा भाऊ ल्यूक, मी त्याला दादा म्हणते, रोज फोन करायचा. ऑक्सिजन आहे, खातात, तुझी चौकशी करतात. मी जाऊ शकत नव्हते. देशाबाहेर पडायलाच परवानगी लागायची, आणि भारतातून परत येणाऱ्याला तुरुंगात टाकू असं सरकारने जाहीर केलं होतं. मी रोझरी धरून बसायचे आणि पप्पांच्या फोनवर जहाजाचे फोटो पाठवायचे. कधीतरी तिकडून अंगठा यायचा.

मग एका शनिवारी दादाचा फोन आला. आवाज बसलेला. “घरी आणलं पप्पांना. बरे आहेत. पण डॉक्टरांनी बोलायला अजिबात मना केलंय, घसा पार गेलाय. मेसेज कर तू.”

मी रडले आणि केक केला. पप्पांना आवडतो तसा, नारळ आणि रवा घालून. रायन तेव्हा बाहेर गेला होता, दूध आणतो म्हणून. बराच वेळ लागला त्याला. आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. मी विचारलं, तर म्हणाला, ॲलर्जी, हे-फीव्हर. मी त्याला केकचा तुकडा दिला. त्याने खाल्ला.

दुसऱ्या दिवशी रविवार. आम्ही वसईच्या आमच्या चर्चची मिस्सा यूट्यूबवर बघतो. श्रद्धावंतांच्या प्रार्थना सुरू व्हायच्या आत नेट गेलं. “हे एनबीएनचं नेट पण ना,” म्हणत रायन मॉडेमशी खुडबुड करत राहिला. परत आलं तेव्हा फादर कम्युनियन वाटत होते. दुपारी सुनेत्रा आली. दोन गल्ल्या सोडून राहते, पुण्याची, माझी इथली पहिली मैत्रीण. पुलाव जास्त झाला म्हणाली, मास्क घालूनच मला मिठी मारली आणि लवकर सोडेना. मी म्हटलं, अगं, पोट दाबतेयस.

पप्पांचे मेसेज येत राहिले. कशी आहेस, बाय. जेवलीस का, बाय. क्लोईला पापा. छोटे छोटे. मला वाटलं, अशक्तपणा. मम्मी फोनवर कमी बोलायची आणि पंखा गरगर फिरायचा. तो तर नेहमीच फिरायचा.

मे संपता संपता मेलबर्न पुन्हा बंद झालं. क्लोईची शाळा घरात आली. पाच वर्षांची झाली तरी तिची तक्रार तीच होती, ‘डोरीन’ फार पटकन बुडते. मी विचार केला आणि मला स्वतःची फार हुशारी वाटली. पोटात नाकापासून शेपटापर्यंत एक उभी भिंत घातली, मधोमध, तर सुरुंग लागल्यावर पाणी अर्ध्याच जहाजात भरेल. अर्धं कोरडं राहील, तरंगत राहील. मी चित्र काढलं, आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना चित्र पाठवलं, आणि विचारलं, पप्पा, अशी भिंत टाकू का?

लगेच उत्तर आलं. “छान आयडिया, बाय. टाक भिंत.” आणि अंगठा.

केवढा आनंद झाला मला. उलटा प्रश्न नाही, बाण नाहीत, पहिल्याच फटक्यात पास. मी ते रायनलाही दाखवलं. तो बघत राहिला, मग म्हणाला, “मस्त,” आणि हेडफोन लावले.

पुढच्या दुपारी भिंत बसवली, व्हार्निशचे हात दिले, वाळू दिलं. मग टब भरला. क्लोई गुडघ्यांवर बसली. मला वाकता येत नव्हतं म्हणून मी स्टूल घेतलं.

“रेडी, कॅप्टन?”

“बू…”

तिचं बूम पुरं व्हायच्या आत ‘डोरीन’ डावीकडे कलली. कुशीच्या तोफा पाण्याला टेकल्या. माझे ते गोंडस क्लेचे बुरूज तिला खाली ओढत होते. क्षणभर ती तशी अडली आणि मग एकदम पाठीवर पडली. तांबडं पोट वर, धुराडी खाली. उजवीकडच्या हवेमुळे ती बुडेनासुद्धा. नुसती उलटी होऊन टबाच्या कडेला आपटत राहिली.

मला वाटलं क्लोई रडेल. ती रागावली होती. कमरेवर हात.

“ममा! यू पुट अ वॉल?”

“हो. का?”

“बट वसई-पप्पा सेड नो वॉल! नॉट इन द मिडल! देअर वॉज अ फ्रेंच बोट, इट हॅड अ वॉल, अँड द वॉटर कुडंट गो टू द अदर साइड अँड इट वेंट लाइक धिस!” तिने तळहात पालथा केला. “ही टोल्ड मी लॉट्स ऑफ टाइम्स. वॉटर हॅज टू गो बोथ साइड्स.”

त्या फ्रेंच जहाजाची गोष्ट मलाही माहीत होती. पहिल्या महायुद्धात सुरुंगावर आदळलं आणि काही मिनिटांत शेकडो माणसांसकट उलटं झालं. पप्पा मला सांगायचे लहानपणी. मला त्यातलं फक्त उलटणं लक्षात राहिलं. भिंत त्यांनी क्लोईला सांगितली होती, या टबाशी, मी बाहेर घड्या घालत असताना.

मी ओल्या हाताने फोन घेतला. लिहिलं, पप्पा, जहाज उलटलं.

उत्तर आलं. “अरेरे. असू दे, बाय. पुन्हा बांध.”

कुठल्या बाजूला कललं, हे विचारलं नाही.

पप्पा आजारी असते, अर्धवट ग्लानीत असते, तरी ते विचारलं असतं. मी ते दोन्ही मेसेज, भिंतीचा आणि हा, कितीतरी वेळ बघत होते. बाय बरोबर होतं. अंगठा बरोबर होता. फक्त जहाज चुकलं होतं.

मी ‘डोरीन’ उचलली आणि तशीच डायनिंग टेबलाकडे गेले. कार्पेटवर पाणी ठिबकत होतं. रायन मीटिंगमध्ये होता.

“पप्पा कधी गेले?”

त्याने आधी म्यूट दाबलं. मग माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, “कुणी सांगितलं तुला?”

काय बोलतेस, असं नाही म्हणाला. वेडी आहेस का, असंही नाही.

मी खुर्चीत बसले. त्याने माझ्या मांडीवरून जहाज काढून घ्यायचा प्रयत्न केला, मी दिलं नाही.

“लिझ, ऐक. बाळाला काही…”

“कधी?”

“त्या शुक्रवारी रात्री. हॉस्पिटलमध्येच.”

“शनिवारी मी केक केला.”

त्याने लॅपटॉप मिटला.

“शनिवारी दफन होतं? तू दूध आणायला गेलास तेव्हा?”

“कारमध्ये बसून बघितलं. शॉपिंग सेंटरच्या पार्किंगमध्ये. ल्यूकने लिंक पाठवली होती. कुणीतरी आपल्या घरातलं असायला पाहिजे म्हणून बघितलं मी.”

“मी असायला पाहिजे होते, रायन. माझे वडील होते ते.”

“मागच्या वेळी बाथरूमच्या फरशीवरून मी तुला उचललं होतं! तू नव्हतीस शुद्धीत. मी होतो. पुन्हा तसं झालं असतं तर? कोण येणार होतं इथे? ना तुझी आई, ना माझी. मी एकटा होतो, लिझ.”

ते खरं होतं. त्याची भीती खरी आहे हे मला तेव्हाही कळत होतं, आणि आजही, बाळ मांडीवर दूध पिताना हे लिहिते आहे, तेव्हाही कळतं. पण कळतं म्हणून काय करू?

“तू केक खाल्लास,” मी म्हटलं.

“मग काय करायला हवं होतं मी?”

“खायला नको होता.”

क्लोई बाथरूमच्या दारात टॉवेल गुंडाळून उभी होती. मी तिला जवळ घेतलं. “सुनेत्राला माहीत होतं?” मी तिच्या डोक्यावरून विचारलं. रायनने होकारार्थी मान हलवली. “आणि मॉडेम?” त्याने पुन्हा हलवली. मयतांची नावं वाचतात ना प्रार्थनेत. पप्पांचं नाव वाचलं गेलं तेव्हा आमच्या टीव्हीवर एक गोल फिरत होता आणि मी म्हणत होते, केबल काढून घाल.

दादाला फोन लावला. माझ्या फोनवरून नाही, क्लोईच्या शाळेच्या आयपॅडवरून, तो हातात होता म्हणून.

“‘टाक भिंत’ तू लिहिलंस?”

मग दादा रडायला लागला. चाळीस वर्षांचा माझा भाऊ, बँकेत मॅनेजर.

“मला काय कळतं गं जहाजातलं? तू विचारलंस भिंत टाकू का. मला वाटलं, भिंत म्हणजे चांगलंच. मजबूत.”

“पप्पांचा शेवटचा मेसेज कुठला?”

“म्हणजे?”

“त्यांनी स्वतः लिहिलेला. शेवटचा. तो कुठला?”

“असं कसं सांगू… हॉस्पिटलात फोन माझ्याकडेच होता. आधी ते सांगायचे, मी टाइप करायचो. मग नुसते इशारे करायचे. मग मीच.”

“कुठून तू?”

“आठवत नाही गं, बाय.”

“बाय म्हणू नकोस मला.”

“पप्पाच म्हणाले होते, तिला सांगू नका, तिला त्रास नको. शपथ.”

“हे पण तूच टाइप केलंस?”

मी मुद्दामच लागेल असं बोलले होते. पण ते नुसतं लागण्यासाठी नव्हतं. पप्पा तसं म्हणालेही असतील. मला ते आता कधीच कळणार नाही, कारण त्यांच्या नावाने आलेल्या सगळ्या शब्दांत याने आपले शब्द कालवून ठेवले होते. कशी आहेस, बाय. क्लोईला पापा. त्यातले कुठले माझे, कुठले खोटे? मरण लपवलं ते एकवेळ समजून घेईन. माझ्या बापाचं शेवटचं बोलणं यांनी माझ्याकडून काढून घेतलं.

मग मम्मीने फोन घेतला. आणि पहिल्यांदाच, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच, मम्मीने फोन नीट समोर धरला होता. काळी साडी. चेहरा अर्धा झालेला. आम्ही एकमेकींना बघत बसलो, आयपॅडची बॅटरी जाईपर्यंत.

त्यानंतर रायन माझ्याशी फार जपून वागायला लागला. चहा आणायचा, पाठीला उशी द्यायचा. मी घ्यायचे. सुनेत्राने दारात डबा ठेवून मेसेज केला, सॉरी यार, रायनने शपथ घातली होती. डबा मी आत घेतला, उत्तर दिलं नाही. जुने मेसेज वर सरकवत मी पप्पा शोधायचे. मेसेजमध्ये सापडेनात. सापडले ते चित्रांत. ग्राफ पेपर, थरथरती पेन्सिल, चहाचा डाग. त्यांची नक्कल कुणालाच करता आली नसती. शेवटचं चित्र मार्चमधलं होतं, धुराड्याचं. खाली लिहिलेलं, अर्धा सेंटिमीटर कमी कर, वर वजन होतंय.

म्हणून एका दुपारी मी धुराडी कापली. क्लेचे बुरूज काढले, बाल्साचे हलके केले, मुळीच गोंडस नाहीत असे. मग बटर नाइफ घेऊन मधली भिंत उचकटली. ती सहज निघाली नाही. ग्लू चांगला लागला होता, पोटातल्या लाकडाचे तुकडे घेऊनच आली. ओरखडे राहिले, त्यांच्यावर व्हार्निश दिलं.

टब भरला. क्लोईने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

“बूम,” ती हळूच म्हणाली आणि दोरा ओढला.

पाणी डावीकडून शिरलं आणि उजवीकडे गेलं. ‘डोरीन’ जराशी डुलली. मग खाली बसायला लागली, सगळीकडून सारखी, तोफा समोर, धुराडी वर. पाणी डेकवर आलं, बुरुजांवर आलं. ती तळाला टेकली तेव्हाही उभीच होती.

बाहेर पॅसेजमध्ये रायनची पावलं थांबली होती. तो आत आला नाही. मी बोलावलं नाही.

“ममा,” क्लोई माझ्या कानाशी कुजबुजली, “कॅन आय टेल डॅडा इट वर्क्ड? ऑर इज इट अ सीक्रेट?”

मी पाण्यातून ‘डोरीन’ काढून तिच्या हातात दिली.

“सीक्रेट नाही,” मी म्हटलं, पॅसेजमध्ये ऐकू जाईल एवढ्या आवाजात. “जा, सांग त्याला. त्याने ‘टाक भिंत’ हा मेसेज वाचला होता आणि मस्त म्हणाला होता, तेही सांग. या घरात आता सगळं सांगायचं.”